तुम्ही विचारलंत म्हणून: कस्टम फील्डमधला शॉर्टकोड कंसासकट का दिसतो?

सीताबर्डीतल्या कोचिंग क्लासपासून वर्धा रोडवरच्या मंगल कार्यालयापर्यंत, वर्डप्रेसची साइट असलेला जो तो मला हेच विचारतो. "भाऊ, कस्टम फील्डमध्ये बुकिंग फॉर्मचा शॉर्टकोड टाकला, तर फॉर्म येतच नाही. चौकटी कंसातली ओळच दिसते. प्लगिन बिघडलं का?"

प्लगिन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. शॉर्टकोड म्हणजे चौकटी कंसातला छोटा संकेत; त्याच्या जागी प्लगिन, म्हणजे साइटला जोडलेला जादा प्रोग्राम, फॉर्म वगैरे उमटवतं. कस्टम फील्ड म्हणजे पोस्टच्या मुख्य मजकुराबाहेरचा वेगळा रकाना. शॉर्टकोड वर्डप्रेसमध्ये २००८ साली, २.५ आवृत्तीत आले. पोस्टच्या मुख्य मजकुरात ते आपोआप उलगडतात, कारण 'द_कंटेंट' या फिल्टरला (छापण्याआधी मजकूर ज्यातून जातो त्या टप्प्याला) 'डू_शॉर्टकोड' हे शॉर्टकोड उलगडणारं फंक्शन आधीच जोडलेलं असतं. कस्टम फील्डचा मजकूर डेटाबेसच्या पोस्टमेटा टेबलात पडून असतो. थीम (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइली) तो 'गेट_पोस्ट_मेटा'ने उचलते आणि जसाच्या तसा छापते.

उपाय एका ओळीचा. फील्ड जिथे छापलं जातं तिथे मजकूर आधी डू_शॉर्टकोडमधून काढायचा, मग इको करायचा, म्हणजे छापायचा. हे चाइल्ड थीममध्येच (मूळ थीमवर बसवलेल्या तुमच्या स्वतंत्र थीममध्ये) करा, नाहीतर थीम अपडेट झाली की गेलं. काही जण अख्खा द_कंटेंट फिल्टर लावून मोकळे होतात. मग त्याच फिल्टरला चिकटलेली शेअरची बटणंही फॉर्मखाली येऊन बसतात. एसीएफ, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स हे प्लगिन, असेल तर विझिविग प्रकारच्या (सजवता येणाऱ्या मजकुराच्या) फील्डमध्ये शॉर्टकोड चालतो, साध्या टेक्स्ट फील्डमध्ये नाही.

खरी डोकेदुखी यापुढे. फॉर्म उमटतो, पण ओबडधोबड. तारखेवर टिचकी मारली तर कॅलेंडर उघडत नाही. काही प्लगिनं आपली सीएसएस आणि जावास्क्रिप्ट (फॉर्मचं रूप आणि चलनवलन सांभाळणाऱ्या फाइली) गरज असेल तरच लोड करतात, आणि ती गरज ठरवायला 'हॅज_शॉर्टकोड'ने पोस्टचा मुख्य मजकूर तेवढा चाळतात. शॉर्टकोड फील्डमध्ये असला की प्लगिनला वाटतं, या पानावर आपलं काही कामच नाही. अशा वेळी त्या पानासाठी त्या फाइली स्वतः एन्क्यू कराव्या, म्हणजे पानाच्या लोड होणाऱ्या फाइलींत घालाव्या, लागतात. प्लगिन बदलण्याआधी हे तपासा, पैसे वाचतील.

शॉर्टकोड वर्डमधून कॉपी केला असेल तर अवतरणचिन्हंही बघा. ती वाकडी झाली की आतला आयडी (कोणता फॉर्म ते सांगणारा) प्लगिनला नीट कळत नाही.

"मग वर्डप्रेसनं सगळ्याच फील्डना हे का नाही लावून दिलं?" असंही विचारतात. नाही लावलं तेच बरं. काही साइटवर ही फील्डं बाहेरचे लोक भरतात: कुणी अभिप्राय लिहितं, कुणी जाहिरात टाकतं. तिथे डू_शॉर्टकोड लावला, तर कुणीही कंसात काहीबाही लिहून तुमच्या साइटवरचा कोणताही शॉर्टकोड चालवू शकेल. फक्त सभासदांना दिसणारी यादी छापणारासुद्धा. म्हणून अशा फील्डला मी 'ईएससी_एचटीएमएल'च (मजकूर साधी अक्षरं म्हणून छापणारं फंक्शन) लावतो, ग्राहकानं कितीही आग्रह केला तरी.