एका तुळईवर दोन दुकानं

राजापूरच्या पेठेत गर्दी व्हायच्या आत काम उरकायचं म्हणून सकाळी सात वाजता जॅक लावले. काम एवढंच होतं: एका जुन्या दुकानाच्या ओटीवरचा कोपऱ्याचा खांब खालून अडीच फूट कुजला होता, तेवढा कापून नवं लाकूड जोडायचं. पेठेतल्या दुकानदारांनी मिळून हाती घेतलेल्या दुरुस्तीतलं हे पहिलंच घर. मालमत्तेच्या कार्डावर मालकांची अकरा नावं, निम्मी मुंबईला. सगळ्यांच्या सह्या गणपतीत घेऊन ठेवल्या होत्या, कारण चाकरमानी एकदा परतले की शिमग्यापर्यंत कोणी सापडत नाही.

अर्जुना आणि कोदवलीचं पाणी जवाहर चौकात शिरतं, म्हणून लोक पुराला दोष देतात. पण पूर उतरतो. खांब कुजतो तो नंतर अडकून राहिलेल्या ओलीने. दर डांबरीकरणात रस्ता थोडा वर आला आणि ओट्याच्या तीन पायऱ्यांची एक उरली. मग पाणी आत येतं म्हणून मालकाने ओट्यावर सिमेंटचा कोबा घातला आणि तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, खांबाच्या बुंध्यासकट त्यात गाडला गेला. भिंतींचा जांभा दगड सच्छिद्र, पाणी पितो आणि चुन्याच्या गिलाव्यातून सोडतो. वरून सिमेंटचा गिलावा आला की ओल भिंतीतच राहते आणि लाकडाची वाट धरते. वरून खांब ठणठणीत दिसत होता. बुंध्याशी पटाशी मात्र मुठीपर्यंत आत गेली.

आदल्या दिवशी त्या खणाची कौलं उतरवली. मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात आणि एक अडीच किलोच्या आसपास भरतं. १२ चौरस मीटरची १८० कौलं काढली म्हणजे साडेचारशे किलो ओझं कमी झालं. अशी कौलं १८६५ मध्ये मंगळूरला पहिला कारखाना निघाल्यानंतरची. खालचा सांगाडा त्याआधीच्या नळीच्या कौलांच्या काळचाही असेल, त्यामुळे कोणतं लाकूड कुठवर गेलंय याचा अंदाज छपरावरून बांधता येत नाही. आम्ही नेमका तोच बांधला.

दहा टनी दोन स्क्रू जॅक, खाली ओंडक्यांची चौकट, वर जाड फळी, शेजारी ओळंबा. भिंतीत जिथे जिथे तडा होता तिथे काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवलेली. भिंत हलली तर काच आधी बोलते. पाव फेरा, थांबायचं, बघायचं. खांबावरचा भार सुटायला पाच मिलिमीटर पुरेत. तिसऱ्या मिलिमीटरला ‘कट्’ असा आवाज आला. आमच्या काचा शाबूत होत्या. फुटली ती शेजारच्या दुकानातली, सावधगिरी म्हणून लावलेली.

“खांब तुमचा आणि तडा माझ्या भिंतीला?” शेजारी बाहेर आले. त्यांचं बरोबर होतं. जॅक अर्धा फेरा खाली घेतला, त्यांच्या माळ्यावर चढून टॉर्च मारला. आम्ही जिला दोन तुळया समजत होतो ती एकच निघाली. सामाईक भिंतीतून आरपार गेलेली, एकाच झाडाची, मध्ये कुठेही सांधा नाही. एका टोकाला उचललं की ती भिंतीवर टेकून शेजाऱ्यांचं टोक खाली दाबत होती. नकाशा काढताना आम्ही दोन्ही बाजूंनी मापं घेतली होती, पण वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या कागदांवर. ही चूक सरळ आमची.

आता दोन्ही दुकानं एकदमच उचलायची. शेजाऱ्यांनी शटर ओढलं, माल मागे सरकवला. ट्रकच्या गॅरेजमधून आणखी दोन जॅक आले. चार जॅकवर चार माणसं, एकाने आकडे म्हणायचे आणि पाव फेऱ्यापलीकडे कोणी जायचं नाही. हौशी हात जास्त फिरतात, म्हणून प्रत्येक दांड्यावर खडूने खूण केली. पाच मिलिमीटरला पन्नास मिनिटं लागली.

नंतरचं काम सुताराचं. सात इंची खांब, म्हणून सांध्याचा काप तिप्पट, एकवीस इंच; निम्मं जुनं, निम्मं नवं, आरपार दोन स्टेनलेस बोल्ट. नवा तुकडा किंजळीचा. बुंध्याला काजूच्या टरफलांचं तेल, हातमोजे घालूनच, कारण ते कातडी सोलून काढतं. तळखडा या वेळी कोब्याच्या चार इंच वर ठेवला आणि भोवतीचा कोबा फोडून टाकला.

गिलाव्यावरून मात्र वाद झालाच. भिजवलेला चुना एक घमेलं, चाळलेली वाळू तीन, थर अर्ध्या इंचाच्या आत, आठवडाभर ओली गोणपाटं, असं ठरलेलं. तरी गवंड्याने ‘पकड यावी’ म्हणून गुपचूप सिमेंट टाकलंच. करड्या रंगावरून ओळखलं आणि ते मिश्रण रस्त्याच्या खड्ड्यात गेलं, तिथे त्याचा उपयोग तरी झाला.

चारही जॅक रात्रभर ठेवायचे होते, पण गॅरेजवाल्याला सकाळी ट्रक उचलायचा होता. त्याचे दोन काढून तिथे लाकडी टेकू उभे केले, खाली जोडपाचरा, म्हणजे समोरासमोर ठोकायच्या दोन पाचरा, दोन्ही बाजूंनी समान ठोकल्या आणि नव्या काचा चिकटवून दोन्ही दुकानं तशीच बंद केली.