दोन मिलिमीटरची फट

मामांना टेबलवर घ्यायच्या आधी चौदा महिन्यांपूर्वीचा एक्स-रे पुन्हा लावून बघितला. दंडाचं हाड मधोमध आडवं मोडलेलं, त्यावर माझीच प्लेट, माझेच आठ स्क्रू. आणि दोन तुकड्यांच्या मध्ये जेमतेम दोन मिलिमीटरची फट. तेव्हाही दिसली होती. 'भरून येईल' म्हणालो होतो.

आली नाही. फट ठेवून घट्ट प्लेट लावली की ती प्लेटच हाडांना एकमेकांपासून लांब धरून ठेवते. वरचे स्क्रू सैल झाले. मामा हात उचलायचे तेव्हा खांद्याऐवजी दंडच मधून वाकायचा. तंबाखू मळून द्यायलासुद्धा मामी लागायच्या. तंबाखूने हाड उशिरा जुळतं हे खरंच आहे, ओपीडीत मी रोज सांगतो, आणि इथेही सगळं तिच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. आदल्या संध्याकाळी दोघांना फिल्म दाखवून म्हटलं, "पहिल्या खेपेला हाडं दाबून बसवायची माझ्याकडून राहिली." मामा गप्प. मामींनी विचारलं, "मग या खेपेचं बिल?" प्लेटचं आणि औषधांचं तेवढं, म्हणालो.

आता खरी धास्ती रेडियल नर्व्हची. मनगट आणि बोटं वर उचलणारी ही नस दंडाच्या मागून हाडाला चिकटून वळसा घेते, आणि मागून प्लेट लावली की ती थेट प्लेटवरच विसावते. म्हणून ती प्लेटच्या कुठल्या होलपाशी आहे, हे पहिल्या ऑपरेशनच्या नोटमध्ये लिहून ठेवायचं असतं. मी लिहिलं होतं: 'नस वरून तिसऱ्या आणि चौथ्या होलच्या मध्ये.' तेवढं एक काम नीट केलं होतं.

पण जुन्या व्रणात नस आणि व्रण, दोन्ही सारखेच पांढुरके. म्हणून वर निरोगी मांसात तिला आधी गाठलं, मग खालीही, आणि दोन्हीकडून कणाकणाने मध्ये आलो. तासभर तर तिलाच गेला. ती सुटी झाल्यावरच प्लेटला हात लावला.

पुढचं पटापट झालं. फटीतला चिवट पडदा काढला, त्यात जंतू आहेत का बघायला नमुने कल्चरला पाठवले. हाडाची टोकं हस्तिदंतासारखी गुळगुळीत, पोकळी बुजलेली. ड्रिलने ती उघडली, टोकं थोडी थोडी कापत गेलो, तोवर पांढऱ्या हाडावर रक्ताचे बारीक ठिपके उमटले. हाड जिवंत आहे. सेंटिमीटरभर आखूड झालं, पण दंडाला तेवढं चालतं. कमरेच्या हाडातून काढलेला हाडाचा चुरा, म्हणजे ग्राफ्ट, भोवती भरला. या वेळी प्लेट दहा होलची. एका तुकड्यावर ती स्क्रूने पक्की केली, मग दुसऱ्या तुकड्यातला पहिला स्क्रू होलच्या कडेला घेतला. तो आवळताना प्लेट सरकली आणि टोकं एकमेकांवर दाबली गेली. सी-आर्मवर, म्हणजे टेबलाशेजारच्या एक्स-रे मशीनवर, फट शोधली. नव्हती. तरी दोनदा बघितलं.

हात बधिर करणारा ब्लॉक देऊ नका, असं भूलतज्ज्ञांना आधीच सांगितलं होतं. मामा अर्धवट शुद्धीवर आले.

"मामा, अंगठा वर करा."

काही नाही. मी घड्याळाकडे बघितलं, का ते ठाऊक नाही. परत सांगितलं. आधी मनगट हललं, मग अंगठा उठला.

सिस्टर नोट लिहायला बसल्या होत्या. फाइल मागून घेतली आणि पहिली ओळ स्वतः लिहिली: 'नस चौथ्या आणि पाचव्या होलच्या मध्ये.'