अठरा महिन्यांचा पलंग

"बाबा, पलंग घेऊ की गादी जमिनीवरच टाकू? दीड वर्षाचाच तर प्रश्न आहे."

थोरलीचा हा मेसेज आला तेव्हा मी गोव्यात बांदोड्याला वर्कशॉपमध्ये एका देवघराच्या दाराला रंधा मारत होतो. ती पोर्तुगालमध्ये पोर्तोला जाऊन जेमतेम बारा दिवस झाले होते. अठरा महिन्यांचं संशोधनाचं काम, आणि आणखी दोन मुलींबरोबर तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. स्वयंपाकघरात फ्रीज, वॉशिंग मशीन, भांडीकुंडी सगळं होतं. हिची खोली मात्र चार भिंती आणि एक खिडकी, एवढीच.

मी २८ वर्षं पलंग करतोय. फोंडा तालुक्यात कुणाकुणाच्या लग्नातले पलंग माझ्या हातचे आहेत ते सांगायला बसलो तर संध्याकाळ होईल. आणि माझ्या मुलीने परक्या देशात पलंग विकत घ्यायचा, तोही मी हात लावून न बघता! त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.

जमिनीवर गादी नको, एवढं मात्र मी तिला लगेच कळवलं. पोर्तोचा पाऊस मुख्यतः ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतचा. आपल्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो, पण तो उबदार दिवसांत. तिथे ओल आणि थंडी एकदमच येतात. जुन्या घरांच्या भिंती दगडी, आणि घर गरम ठेवायची सोय बऱ्याच ठिकाणी नसते. झोपलेल्या माणसाच्या अंगातून रात्रभर दमट हवा सुटते, ती गादीतून खाली उतरते आणि खाली गार फरशी लागली की तिथेच तिचं पाणी होतं. वरून काही कळत नाही. महिन्याभराने गादी उलटली की खाली काळे ठिपके. श्रावणात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते, तोच प्रकार. म्हणून गादी जमिनीपासून उचललेली हवी, खालून वारा फिरायला हवा आणि गादीखाली पट्ट्या हव्यात, सलग फळी नको. हल्ली गिऱ्हाइकं माझ्याकडेही सलग प्लायच मागतात. मी त्याला इंच इंच रुंद भोकं पाडल्याशिवाय पलंग बाहेर जाऊ देत नाही.

आमच्या घरी आजोबांच्या हातचा फणसाच्या लाकडाचा पलंग आहे. १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज असतानाचा. चार खूर, आणि लांब बाजूंच्या दोन दांड्या, ज्यांना माझे वडील 'गात' म्हणायचे. गातीच्या टोकाला कुसू, ते खुराच्या भोकात ठोकून बसवलेलं आणि वरून आडवी लाकडी खुंटी. अख्ख्या पलंगात एक खिळा नाही. पिवळं लाकूड होतं ते आता काळपट तपकिरी झालंय. हा पलंग खोलीच्या बाहेर कधी आलेलाच नाही. भिंतींना रंग काढायचा झाला तर आम्ही तो खोलीतल्या खोलीत सरकवतो. मी काम शिकलो ते त्याच्याकडे बघून, त्यामुळे चांगला पलंग म्हणजे जागचा न हलणारा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. थोरलीला लिहिलं, "जाड लाकडाचा, भरभक्कम घे. पैसे मी पाठवतो."

रात्री जेवताना तिची आई म्हणाली, "आणि अठरा महिन्यांनी तो तिसऱ्या मजल्यावरून उतरवणार कोण? लिफ्ट आहे का, विचारलंत?"

लिफ्ट नव्हती. थोरलीने जिन्याचा व्हिडिओ पाठवला. समोरून कुणी आलं तर एकाने वळणावर भिंतीला चिकटून उभं राहायचं, इतका अरुंद आणि उभा. त्या वळणातून साडेसहा फुटांची जोडलेली वस्तू कशीच गेली नसती.

त्या रात्री मला जत्रेतला पलंग आठवला.

आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक असतं आणि नेपथ्याचं लाकूडकाम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. एका सामाजिक नाटकात तिसऱ्या अंकाला शेजघर होतं. पडदा पडायचा, संगीत सुरू व्हायचं आणि तेवढ्यात चार मुलांनी अंधारात पलंग उभा करायचा. त्याला मी कुसू घातलं नव्हतं, फेविकॉल लावला नव्हता. चार खूर, चार आडव्या दांड्या, आठ बोल्ट आणि पंखवाले नट, जे पान्याशिवाय नुसत्या बोटांनी आवळता येतात. वर सुट्या फळ्या. नायिका त्यावर धाडकन अंग टाकायची, पलंग हूं की चूं करायचा नाही. पहाटे नाटक संपलं की सगळा सुटून टेंपोच्या एका कडेला उभा मावायचा. चौदा जत्रा चालला तो. लाकूड साधं होतं, पण सुटणं हाच त्याचा मुख्य गुण होता, आणि तो गुण मी इतकी वर्षं गुणच मानला नव्हता.

भाड्याच्या घरासाठी पलंग घेताना तो जोडायला किती सोपा हे सगळे विचारतात. माझं म्हणणं, तो सुटतो कसा आणि सुटून पुन्हा तितकाच घट्ट बसतो का, ते आधी बघा. हे मी थोरलीला सांगणार तोवर तिने एक पलंग घेऊन टाकला होता. घर सोडून जाणाऱ्या कुणाकडून, जुना, गादीसकट ७० युरोंना. फोटोत पांढराशुभ्र, सुरेख दिसत होता. सोळाव्या रात्री त्याची उजवी बाजू निखळली. लागलं नाही, देवाची कृपा.

सकाळी तिने मला तुटलेल्या जागेचा फोटो पाठवला. मला पहिल्या नजरेत कळलं. पार्टिकल बोर्ड. म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी, वरून पांढरा कागद. वाईट वस्तू नाही ती. कपाटाला, एका जागी राहणाऱ्या शेल्फला चालते. पण तिच्यात थेट स्क्रू फिरवला की स्क्रूचे आटे त्या चुऱ्यातच कोरले जातात. पहिल्यांदा घट्ट बसतो. काढून पुन्हा लावला की आटे झिजतात, आणि तिसऱ्यांदा भोकात नुसता भुसा. हा पलंग तिच्याकडे येण्याआधी दोनदा सुटून जोडलेला होता. फोटोत भोकाच्या तोंडाशी पिठासारखी पूड दिसत होती, तिथे स्क्रू धरणार कशाला? शिवाय माचवा, म्हणजे पलंगाचा सांगाडा, २०० सेंटीमीटर लांबीचा आणि गादी १९० ची, त्यामुळे पायथ्याशी चार बोटं दरी. तिकडे १९० आणि २०० अशा दोन्ही लांब्या चालतात. १९० म्हणजे आपले सव्वासहा फूट, २०० म्हणजे साडेसहाला थोडे जास्त. गादी आणि माचवा वेगवेगळ्या ठिकाणाहून घेताना रुंदी सगळे मोजतात, लांबी कुणी मोजत नाही.

पुढच्या रविवारी मी वर्कशॉप बंद ठेवलं आणि व्हिडिओ कॉलवर तिच्यासोबत दुकानांच्या साइट बघत बसलो. तिला म्हटलं, "बाय, पलंगाचा फोटो मला दाखवू नकोस. जोडणीची पुस्तिका दाखव." आयकियासारख्यांच्या साइटवर ती वस्तूच्या खालीच मिळते, विकत न घेताही उघडता येते. पुस्तिकेत सगळं लिहिलेलं असतं, म्हणजे काढलेलं असतं. लांब बोल्ट येऊन लोखंडाच्या नटात बसतोय का? मग तो दहा वेळा सोडा, अकराव्यांदाही तसाच बसेल, कारण लोखंडात लोखंड फिरतं, लाकूड नुसतं दाबलं जातं. आणि जर टोकदार स्क्रू सरळ फळीत घुसताना दिसला, तर पुढचं पान उघडायचं कारण नाही.

सामान ठेवायच्या पेटीचा पलंग तिला हवा होता. मी नको म्हटलं. वजन फार, आणि पेटीत कोंडलेल्या हवेला पोर्तोच्या हिवाळ्यात बुरशी धरायला वेळ लागणार नाही. सोफा-कम-बेड त्या जिन्यातून वर जाणार नव्हता. लोखंडी नळ्यांचा स्वस्त होता, हलका होता, त्यावर आम्ही बराच वेळ घालवला. पण त्याच्या आडव्या पट्ट्यांत पाच-पाच इंच फट. अडीच-तीन इंचांपेक्षा जास्त फट असली की गादी तिथे तिथे खचते. तेवढ्यात तिची आई मागून म्हणाली, "मी मे महिन्यात गेले तर झोपू कुठे?" म्हणून रुंदी ठरली १४० सेंटीमीटर, साडेचार फुटांहून इंचभर जास्त. एकटीला ऐसपैस, दोघींना पुरेसा. एवढ्या रुंदीला मध्ये आधाराचा दांडा लागतोच, नाहीतर पट्ट्या सहा महिन्यांत पोट सोडतात. काही ठिकाणी हा दांडा आणि पट्ट्या पलंगाच्या किमतीत नसतात, वेगळ्या घ्याव्या लागतात. ते वाचून घ्यावं.

शेवटी घेतला पाइनच्या लाकडाचा, जुनाच, एका शिक्षिकेकडून ६० युरोंना. जाण्याआधी मी तिला दोन गोष्टी बघायला सांगितल्या होत्या: बोल्ट हाताने फिरवून सैल होतो का, आणि गातीच्या टोकाला चीर आहे का. तिने तिथूनच कॉल लावला आणि कॅमेरा गातीच्या टोकाशी नेला. लाकडातला गोल नट मला स्पष्ट दिसला, पितळी रंगाचा, त्याच्या खाचेत धूळ बसलेली. मी म्हटलं, घे.

खाली एक फूट मोकळी जागा होती. विमानाच्या मोठ्या बॅगा आडव्या सरकून आत गेल्या, आणि खोलीतलं अर्धं सामान दिसेनासं झालं. बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायला लावला, कारण थंडीत पहिली ओल त्याच भिंतीला येते.

एक बोल्ट कमी निघाला. ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, म्हाताऱ्या दुकानदाराला मोबाइलवर फोटो दाखवला, तो म्हणाला, "पाराफूझु." घरी येऊन तिने मला तो शब्द ऐकवला आणि मी रंधा खाली ठेवला. माझे वडील स्क्रूला 'पारफूज' म्हणायचे. पोर्तुगीज काळात शिकलेला शब्द. ते गेल्यापासून आमच्या वर्कशॉपमध्ये तो कुणी उच्चारला नव्हता. आपण ज्याला मेस्त्री म्हणतो तोही तिकडचा 'मेस्त्रे'च. पण तो रोज कानावर पडतो, म्हणून काही वाटत नाही. पारफूज ऐकून मात्र वडिलांचा हात दिसला, तोंडात चार स्क्रू धरून पाचवा फिरवणारा.

पंधरा दिवसांनी पलंग करकरायला लागला. लाकूड लाकडावर घासलं की असं होतं. मी तिला सायकलच्या दुकानातून फाटकी ट्यूब आणायला सांगितली. त्याचे रुपयाच्या नाण्याएवढे तुकडे कापून, मध्ये भोक पाडून, खूर आणि गात यांच्या मध्ये घातले आणि बोल्ट आवळले. आवाज बंद झाला तो शेवटपर्यंत.

तेव्हाच तिला खुणा करायला लावल्या. आमच्याकडे प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंना एकच खूण असते, म्हणजे सुटलेला भाग आपल्या जोडीदाराकडेच परत जातो. भोकं सारखी दिसतात, पण वापराने प्रत्येक बोल्टला आपलं भोक सवयीचं झालेलं असतं. तिने पेन्सिलीने आतल्या बाजूला लिहिलं: उशाकडच्या डाव्या सांध्याला 'उ-डा', पायथ्याच्या उजव्याला 'पा-उ', तसं चारही ठिकाणी. डावं-उजवं पलंगावर उताणं झोपलेल्या माणसाचं धरायचं, समोर उभं राहून बघणाऱ्याचं नाही. यावरून आमच्या पोरांची वर्कशॉपमध्ये कितीदा भांडणं होतात.

मे महिन्यात तिची आई जाऊन आली. तीन आठवडे दोघी त्या पलंगावर झोपल्या. आल्यावर मला म्हणाली, "पलंग चांगला आहे." बाकी पोर्तोची नदी, पूल, मासे यांची गोष्ट नंतर सांगितली.

गेल्या महिन्यात अठरा महिने भरले. थोरलीने फोन खिडकीत टेकवून ठेवला आणि मी इथे चहा घेत बघत बसलो. एकटीने, एका एल-चावीने, पंचवीस मिनिटांत पलंग सोडला. नट-बोल्ट दह्याच्या रिकाम्या बरणीत, पट्ट्यांची गुंडाळी, चार खूर एका जुन्या ओढणीत बांधलेले. मधला दांडा सोडवताना ती क्षणभर थांबली, मी काही बोललो नाही.

पलंग घेतला एका ब्राझिलियन विद्यार्थिनीने, ४५ युरोंना. दोघींनी चार खेपांत तो जिन्यावरून खाली नेला. दोन दिवसांनी त्या मुलीने थोरलीला फोटो पाठवला: खुराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं 'पा-डा', आणि खाली प्रश्न, हे काय लिहिलंय? थोरलीने कळवलं, वाचता नाही आलं तरी चालेल, फक्त सारखं चित्र सारख्या चित्राला लाव.

संध्याकाळी जोडलेल्या पलंगाचा फोटो आला. ट्यूबचे काळे तुकडे सांध्यांतून डोकावत होते.