सोळापट डेटा, निम्मी त्रुटी

कॉलेजात बेझियन पद्धती शिकवताना मी एक वाक्य हमखास सांगते: डेटा वाढला की प्रायर, म्हणजे डेटा पाहण्याआधीचा आपला अंदाज, धुऊन जातो. दोन-चार पॅरामीटरच्या मॉडेलमध्ये ते खरंच आहे. नाणेफेकीसाठी कुठलाही समंजस बीटा प्रायर घ्या, काही हजार फेकींनंतर सगळ्यांचं उत्तर जवळपास एकच येतं. पीएच.डी.ला मात्र मी नॉनपॅरामेट्रिक बेझ घेतलं. तिथे अज्ञात गोष्ट म्हणजे एखाद-दुसरा आकडा नसतो, अख्खा वक्र असतो. पहिल्याच भेटीत माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "अगं, ते धुऊन जाणारं वाक्य या विषयात चालत नाही. का चालत नाही ते आधी वाच."

वाचन सुरू केलं १९४९ च्या डूबच्या प्रमेयापासून. सत्य प्रायरमधूनच आलं असेल तर पोस्टीरियर, म्हणजे डेटा पाहिल्यानंतरचा अंदाज, जवळजवळ नेहमी सत्यापाशी पोचतो, असं ते सांगतं. यातलं 'जवळजवळ' प्रायर स्वतःच मोजतो, म्हणजे परीक्षा देणाराच परीक्षक. १९६३ मध्ये फ्रीडमनने शक्यता अनंत असताना पोस्टीरियर भलतीकडे जातो अशी उदाहरणं दिली. १९८६ मध्ये डायकोनिस आणि फ्रीडमन यांनी डेटाचा मध्य कुठे हे शोधण्याच्या साध्या (लोकेशनच्या) प्रश्नातही डिरिश्ले प्रायर, म्हणजे अख्ख्या वितरणावरचा प्रायर, फसू शकतो हे दाखवलं. मधल्या काळात, १९६५ मध्ये, लोरेन श्वार्ट्झने पोस्टीरियर सत्यापाशी नक्की पोचेल यासाठी पुरेशा अटी दिल्या होत्या. पण त्या पोचण्यापुरत्याच. किती वेगाने, यावर त्या काही बोलत नाहीत.

वेगाचं उत्तर २००० साली 'ॲनल्स ऑफ स्टॅटिस्टिक्स'मधल्या पेपरात मिळतं. लेखक सुभाशिष घोषाल, जयंत कुमार घोष आणि आद व्हॅन डर वार्ट. घोष हे कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्रीय संस्थेचे एकेकाळचे संचालक. पेपरात मुख्य अटी तीन. दोन अटी मॉडेल फार अवाढव्य नको, एवढंच म्हणतात. तांत्रिक आहेत, पण सवयीने जमतात. मी अडले तिसरीपाशी: एन निरीक्षणं असताना सत्याच्या एप्सिलॉन-शेजारात (एप्सिलॉन या छोट्या अंतराच्या आत) प्रायरने किमान 'ई'चा उणे एन-एप्सिलॉन-वर्ग घात एवढं, स्थिरांकाचा फरक सोडून, वजन ठेवलेलं असावं. थोडक्यात, प्रायरने सत्याच्या अगदी जवळ किती पैसे लावलेत, त्यावर वेग ठरतो. प्रमेयाची सिद्धता पाठ झाली तरी हे गळी उतरत नव्हतं. सर म्हणाले, "ब्राउनियन मोशन घे आणि हाताने कर."

ब्राउनियन मोशनला, म्हणजे क्षणोक्षणी यदृच्छ हेलकावे खाणाऱ्या मार्गाला, प्रायर मानलं. त्याचा मार्ग शून्याभोवतीच्या एप्सिलॉन-पट्ट्यातून बाहेरच पडणार नाही याची संभाव्यता फारच छोटी असते. तिच्या लॉगॅरिथमचं मान साधारण पाय-वर्ग भागिले आठ, भागिले एप्सिलॉन-वर्ग. सत्य गुळगुळीत असेल तर हाच भाग वरचढ ठरतो. म्हणजे एन-एप्सिलॉन-वर्ग बरोबर एक भागिले एप्सिलॉन-वर्ग, म्हणून एप्सिलॉनचा चौथा घात बरोबर एक भागिले एन. वेग, म्हणजे त्रुटी घटण्याचं प्रमाण, आला एनचा उणे पाव घात. वहीच्या अर्ध्या पानात मावलं. चुरचुरणारी गोष्ट अशी की दोनदा डेरिव्हेटिव्ह घेता येणाऱ्या वक्रासाठी शक्य असलेला उत्तम वेग उणे दोन-पंचमांश घाताचा आहे. उत्तम वेगात त्रुटी निम्मी करायला साडेपाचपटीहून थोडा जास्त डेटा लागतो, ब्राउनियन प्रायरला सोळापट. सत्य कितीही गुळगुळीत असलं तरी हा प्रायर तेवढाच मंद राहतो, कारण त्याचे मार्गच खडबडीत.

कागदावरचं संगणकावर उतरवलं. साइनची अर्धी लाट हे सत्य, त्यावर प्रमाण विचलन १ चा नॉइज. ब्राउनियन प्रायरमध्ये मधल्या भागात पोस्टीरियरचं प्रसरण जवळपास सिग्मा (नॉइजचं प्रमाण विचलन) भागिले 'एनच्या वर्गमुळाची दुप्पट' एवढं येतं. म्हणजे १०० निरीक्षणांना प्रमाण विचलन ०.२२ आणि १०,००० ना ०.०७. शंभरपट डेटा ओतला आणि पट्टा जेमतेम एक-तृतीयांश झाला. सरासरी काढण्याच्या साध्या प्रश्नात तो एक-दशांश झाला असता. नमुना म्हणून काढलेले वक्र १०,००० लाही करवतीच्या दात्यांसारखे दिसत होते. वर्गात सांगितलेलं वाक्य पडद्यावर खोटं पडत होतं.

मग घाईने गुळगुळीत प्रायरकडे वळू नका. सगळ्यांचा आवडता, वर्ग-घातांकी कोव्हेरिअन्सचा गॉसियन प्रोसेस (अतिशय गुळगुळीत वक्र देणारा प्रायर), त्याचं लांबीचं माप (वक्र साधारण किती अंतरात वळतो ते) एकदा ठरवून पक्कं केलंत आणि सत्य मात्र ठरावीकच वेळा डेरिव्हेटिव्ह घेण्याजोगं निघालं, तर वेग एनच्या नव्हे, एनच्या लॉगॅरिथमच्या घातावर येतो. म्हणजे ब्राउनियनपेक्षाही वाईट. हे सॉफ्टवेअरच्या सूचनांमध्ये कोणी लिहीत नाही. इलाज व्हॅन डर वार्ट आणि व्हॅन झँटन यांनी २००९ मध्ये दिला: माप पक्कं करू नका, त्यावरही प्रायर ठेवा. एका मितीत, मापाच्या व्यस्तावर गॅमा वितरण ठेवलं तरी सत्याचा गुळगुळीतपणा आधी माहीत नसताना, लॉगचा एखादा गुणक सोडला तर, उत्तम वेग मिळतो.

इथे प्रबंध संपेल असं वाटलं होतं. पण तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मॅडम, वेग मिळाला, पण तुमच्या ९५ टक्क्यांच्या पट्ट्यात सत्य किती वेळा सापडतं?" (पोस्टीरियर ज्यात ९५ टक्के संभाव्यता ठेवतो, तो हा पट्टा.) मी फळ्यावर ब्राउनियनचंच उदाहरण मांडलं. मधल्या एखाद्या बिंदूवर पोस्टीरियर सरासरीचं स्वतःचं प्रसरण पोस्टीरियरच्या प्रसरणाच्या निम्मं असतं आणि १०,००० निरीक्षणांना बायस (सरासरीचा एका बाजूला कल) नगण्य. त्यामुळे ९५ चा पट्टा सत्याला ९९ टक्क्यांहून जास्त वेळा पकडतो. मंद प्रायर, पण शब्दाला जागणारा. सत्याच्या गुळगुळीतपणाशी आपोआप जुळवून घेणाऱ्या प्रायरचं तसं नाही. पट्टा प्रत्येक सत्यासाठी अरुंदही व्हावा आणि खराही राहावा, हे एकाच वेळी जमत नाही. २०१५ मध्ये साबो, व्हॅन डर वार्ट आणि व्हॅन झँटन यांनी काही अडचणीची सत्यं वगळली तर ते कसं साधतं हे मांडलं. "कुठली सत्यं वगळलीत ते प्रबंधात ठळक लिहा," परीक्षक म्हणाले. ते परिशिष्टात होतं, दुरुस्तीत मी ते चौथ्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर आणलं.