बोट हरिहरेश्वरला, ऑडिओ आमच्याकडे

18 ऑगस्ट 2022, दहीहंडीचा आदला दिवस. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यापाशी बेवारस बोट सापडली, तिच्यात तीन एके-47. गाव रायगडात, मी सावित्रीच्या अलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात, पोलिसांच्या सायबर सेलच्या टेबलावर. मधे फक्त खाडी. नाकाबंदी लागली, रजा रद्द झाल्या. 1993 ला रायगडातल्याच शेखाडीत आरडीएक्स उतरलं, 2008 ला कसाब समुद्रातूनच आला. संशयास्पद बोट म्हटली की या पट्ट्यात पोलिसांनाच काय, मासळी विकणाऱ्या म्हातारीलाही दुसरं काही सुचत नाही.

मोबाइलवर काय फिरतंय ते बघणं माझ्याकडे. अतिरेकी मजकूर कसा ओळखावा याची प्रशिक्षणात मिळालेली यादी समोर होती: थेट प्रक्षेपण, जाहीरनामा, गेमिंगवाल्यांच्या गप्पा, आकड्यांच्या सांकेतिक खुणा. यादी खोटी नव्हती, पण ती दुसऱ्या मुलखाची होती. 2019 ला ख्राइस्टचर्चच्या मारेकऱ्याने आधी जाहीरनामा टाकला, मग मशिदीतला गोळीबार फेसबुकवर थेट दाखवला. पहिल्या 24 तासांत फेसबुकने त्याच्या 15 लाख प्रती काढल्या किंवा अडवल्या. मे 2022 मध्ये अमेरिकेतल्या बफेलोत त्याचीच नक्कल, ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवर. तिथे बहुधा एकटा माणूस असतो, त्याला प्रेक्षक हवे असतात. सोमालियाच्या अल-शबाबचं तसं नाही. ती अतिरेकी संघटना स्वतःचं रेडिओ केंद्र चालवते, आणि 2013 ला नैरोबीच्या मॉलवर हल्ला चालू असतानाच तिची माणसं ट्विटरवर लिहीत होती. म्यानमारमध्ये तर रोहिंग्यांविरुद्धचं विष पसरवण्यात लष्कराचीच माणसं होती, आणि फेसबुककडे बर्मी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आमच्याकडे यातलं काही आलं नाही. आला तो एक ऑडिओ, अर्ध्या मिनिटाचा. शिवी नाही, धर्माचं नाव नाही. काळजीतला गावरान आवाज: 'बोटीतनं माणसा उतरली हत, मोहल्ल्यात लपली हत, रातचे जागे ऱ्हावा.' ही भाषा कुठलं यंत्र पकडणार? बचत गटाचा ग्रुप, क्रिकेटच्या टीमचा, मुंबई मंडळाचा, सगळीकडे पोचलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला सांगून तो काढून घेता येत नाही. धुळ्याच्या राईनपाड्यात 2018 ला मुलं पळवण्याच्या अफवेवर पाच जणांना ठेचून मारलं, त्यानंतर फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरतं आलं, 2020 ला खूप फिरलेलं तर एकाच चॅटपुरतं. पण एकेक करतही खाडीकाठ संध्याकाळपर्यंत भरतो.

दिवेलागणीला पोलीस पाटलांचा फोन. "साहेब, वाडीतली पोरं काठ्या घेऊन साकवावर बसलीत. मी सांगून ऐकत नाहीत."

"पाटील, मोहल्ल्यात सोसायटीचे चेअरमन आहेत ना?"

"चाचा? आहेत की. आमच्या सागर सुरक्षा दलात ते पहिले."

"मग त्यांच्याच ओटीवर जा. दोघांनी मिळून ऑडिओ करा. पोलिसांचं नाव घेऊ नका."

एव्हाना गृहमंत्री फडणवीसांनी विधानसभेत सांगितलं होतं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंची, मस्कतहून युरोपला जाताना जूनमध्ये इंजिन बंद पडलं, लोकांना वाचवलं आणि बोट वाहत आली. टीव्हीवर ते चालू होतं, तरी पोरं साकवावरच. उठली ती पाटलांच्या आवाजावर. त्यात चाचा मधेच म्हणतात, "अरे, उद्या हंडीला वरच्या थराला आमचा नातू लागतो ना रे तुम्हाला? मग घरी जा की." हे मी सुचवलेलं नव्हतं. सुचलंही नसतं.

नोटीस काढायला पहिल्या ऑडिओचा माग घेतला, तो मुंबईच्या एका ग्रुपपाशी तुटला. अ‍ॅडमिन म्हणाला, "मला मेव्हण्याने पाठवला." मेव्हण्याला त्याच्या साहेबाने.

रात्री कुवेतहून आतेभावाचा फोन. "गावाला दंगल झाली काय रे?" पाटलांचा ऑडिओ त्याच्याकडे पोचलाच नव्हता. तो पाठवला, मग अहवाल लिहायला बसलो. छापील नमुन्यात 'संकेतस्थळाचा पत्ता' असा रकाना होता. त्यात रेघ मारली.