‘उभे राहिले’

आमच्या वक्तृत्ववर्गाच्या माजी विद्यार्थी संघाला पन्नास वर्षं होताहेत. स्मरणिकेत संघाचा इतिहास लिहायचं काम कार्यवाह म्हणून माझ्याकडे आलं. मी सुरुवात दूरवरून केली होती: न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला, मग १९१२ साली न्यूयॉर्कच्या वायएमसीएत डेल कार्नेगींनी घेतलेले भाषणाचे वर्ग. ‘कशाचा राग येतो ते सांगा’ म्हणून माणसाला उभं करायची त्यांची युक्ती आमच्या वर्गात आजही चालते.

गेल्या मंगळवारी जुनी इतिवृत्ताची वही आणायला सदाशिव पेठेत पहिल्या खजिनदारकाकांकडे गेले. वर्ग संपला की महिन्याभरात जीभ पुन्हा जड व्हायची, म्हणून संघ निघाला. दर दुसऱ्या शनिवारी एका वाड्याच्या माडीवर, प्रत्येकी दोन मिनिटं. पुण्यात ऐकायला जागा पुष्कळ होत्या. चुकत बोलायला ही एवढीच.

वही चाळताना एका नावापुढचा शेरा दिसला: ‘उभे राहिले.’ पुढच्या सभेतही तेच. त्याच्या पुढच्याही.

“काका, हे काय?”

“अगं, गृहस्थ उभे राहायचे, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. घंटा माझ्याकडे असायची. वाजवू की नको? त्यावरून आमच्यात वाद झाला. पुढचं पान बघ.”

पुढच्या पानावर ठराव होता: ‘जे उभे राहतील त्यांची दोन मिनिटे पूर्ण मोजावीत. मध्ये कोणी मदत करू नये, खाली बसवू नये.’

मी तो ठराव तीनदा वाचला. आज आमच्या सभेत कोणी अडखळलं की आपण लगेच शब्द पुरवतो. मीही पुरवते, आणि तो चांगुलपणा समजते. माडीवरच्या त्या वीसेक माणसांनी दोन-दोन मिनिटं नुसती शांतता ऐकली, अकरा शनिवार.

बाराव्या वेळी नोंद बदलली आहे: ‘बोलले. विषय: रॉकेलची रांग. वेळ: ४० सेकंद.’

“टाळ्या झाल्या?”

“छे. पुढच्याचं नाव पुकारलं. त्यांना तेच हवं होतं.”

रात्री लेख पुन्हा लिहायला घेतला. रानडे आणि कार्नेगी दुसऱ्या पानावर गेले. पहिल्या ओळीत तो ठराव आहे, वहीतल्या शब्दांत, जसाच्या तसा.