सातबारा घेऊन पोर्शेच्या कारखान्यात

पोर्शेचं नाव आमच्या आर्णी तालुक्यात घरोघरी पोचलं ते मे २०२४ मधल्या पुण्याच्या अपघातामुळे. त्यामुळे मी जर्मनीत त्या गाडीचा कारखाना बघायला चाललोय म्हटल्यावर पारावर पहिला प्रश्न आला, "ते पुण्यावाली? तिथं कायले जाता बापा?" पुतण्या लाइपझिगला नोकरीला आहे, कारखाना त्याच शहरात आहे, आणि शेतीसोबत मी बरीच वर्षं काळी-पिवळी जीप चालवली आहे. गाडी बनते कशी आणि गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी तिला रगडतात कशी, हे डोळ्यांनी बघायचं होतं. घ्यायची ऐपत नाही, बघायला काय जातं?

बघायला बरंच जातं, हे व्हिसाच्या कागदांनी शिकवलं.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून मी कधी रिटर्न भरलेलं नाही. व्हिसाच्या यादीत मात्र रिटर्न ठळक अक्षरात. एजंट म्हणाला, "काका, रिटर्न नसलं तर अवघड आहे." मी त्याचा नाद सोडला आणि आपल्याकडे जे आहे ते गोळा केलं: सातबारा, आठ-अ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, कापूस आणि तूर विकल्याच्या पावत्या, आणि तेच पैसे खात्यात जमा झाल्याचं दाखवणारं बँकेचं स्टेटमेंट. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. सोबत एक पत्र जोडलं, की माझं उत्पन्न शेतीचं आहे, ते करमुक्त आहे, आणि मृग लागायच्या आत मला पेरणीसाठी परत यायचंच आहे. त्यांना बघायचं असतं ते हेच, की हा माणूस परत जाईल का. काळ्या मातीच्या जमिनीइतका भक्कम पुरावा नोकरदाराकडेही नसतो, हे माझं मत. तिकडून पुतण्यानं सरकारी कार्यालयात जाऊन माझ्या खर्चाची हमी लिहून दिली. तो कागद मूळ प्रतीत लागतो, म्हणून कुरिअरनं मागवला. प्रवासाचा विमा किमान ३०,००० युरोचा हवा. व्हिसाची फी ९० युरो.

मुंबईला बोटांचे ठसे देताना मात्र गाडी अडली. कापसाच्या बोंडांनी आणि फवारणीनं बोटांच्या रेषा झिजलेल्या. रेशनच्या मशीनवर दर महिन्याला जे होतं तेच तिथं झालं. काउंटरवरच्या मुलीनं ओला टिश्यू दिला, बोटं पुसून घेतली, दाबून धरायला सांगितलं, आणि एकदाचे ठसे उमटले. शेतकऱ्यांनी जायच्या आधी काही दिवस रात्री हाताला तेल किंवा व्हॅसलिन लावत जावं.

दुसरा कागद आरटीओचा. तिथं गाडी हातात घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवलेला बरा. यवतमाळला अर्जाचा नमुना ४-अ भरला, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती लावल्या, १,००० रुपये फी भरली. या परवान्याची मुदत एक वर्षच असते, त्यामुळे उगाच आधी काढू नये. विमान आणि रेल्वे याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पोर्शेचे मूळ घर स्टुटगार्टचं त्सुफेनहाउजन, त्यांची ९११ ही नावाजलेली गाडी अजून तिथंच बनते. लाइपझिगचा कारखाना २००२ साली केयेन या मॉडेलपासून सुरू झाला. नंतर २००९ ला पॅनामेरा आली, २०१४ ला मकान. नोंदणी पुतण्यानं आधीच करून ठेवली होती, तशी ती करावीच लागते. फेरी जर्मन किंवा इंग्रजीत असते. आत फोटो काढायला मनाई.

ग्राहक केंद्राची इमारत लांबूनच दिसते: खाली निमुळती, वर रुंद होत गेलेली. लोक तिला हिरा म्हणतात. आत खालच्या भागात गाड्या मांडलेल्या. आमच्या गाइडनं कॅरेरा जीटीची गोष्ट रंगवून सांगितली. दहा सिलिंडरचं इंजिन, ६१२ अश्वशक्ती, २००३ ते २००६ या काळात याच कारखान्यात १,२७० गाड्या बनल्या आणि संपलं. एका बाजूला एक कुटुंब आपली नवी गाडी घ्यायला आलं होतं. एक माणूस त्यांना बराच वेळ एकेक बटण समजावत होता. नारळ नाही, हार नाही, लिंबू नाही. मला ते जरा सुनंसुनं वाटलं.

जुळणीच्या लाईनवर मी सगळ्यात जास्त रेंगाळलो, गाइडला दोनदा हाक मारावी लागली. गाडीसोबत कामगाराच्या पायाखालची फळीसुद्धा सरकते, म्हणजे त्याला गाडीमागं धावावं लागत नाही. एका ठिकाणी वरून रंगवलेली बॉडी खाली येते, खालून इंजिन आणि चाकांचे अ‍ॅक्सल वर येतात आणि दोन्ही एकमेकांत बसतात. पेट्रोलची, हायब्रिड आणि पूर्ण बॅटरीची अशा तिन्ही गाड्या एकाच लाईनवर एकामागोमाग. कुठल्या गाडीला कुठला भाग, यात चूक कशी होत नाही, हे मी पुतण्याकरवी विचारलं. उत्तर असं, की भाग गाडीच्या क्रमानंच येऊन थांबतात, माणसाला शोधावं लागत नाही. आमच्या ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये अर्धा दिवस पाना शोधण्यात जातो.

मग ट्रॅक. डांबरी ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, आणि त्याची वळणं जगातल्या नावाजलेल्या शर्यतींच्या ट्रॅकवरून घेतलेली. कॅलिफोर्नियातल्या लागुना सेकाचं कॉर्कस्क्रू, इटलीतल्या मोंझाचं पाराबोलिका, बेल्जियमच्या स्पाचं बस स्टॉप. गंमत म्हणजे स्पावरचं मूळ बस स्टॉप २००७ साली बदलून टाकलं, नक्कल इथं शिल्लक आहे. मी शेजारच्या सीटवर, चालवणारा त्यांचा माणूस. वेगाची भीती वाटली नाही, ब्रेकची वाटली. वळण अगदी तोंडावर येईपर्यंत पठ्ठ्या पाय उचलत नाही, आणि मग असा दाबतो की पट्टा छातीत रुततो. कॉर्कस्क्रूला तर गाडी डावीकडे वळता वळता पुढची जमीनच नाहीशी होते आणि पोट वर राहतं. उतरल्यावर पुतण्यानं विचारलं, "काकाजी, बरं वाटते ना?" मी म्हटलं, "पाणी दे."

पण माझं ऐकाल तर पैसे खडबडीत ट्रॅकवर घाला. तो सुमारे ६ किलोमीटरचा, लष्कराच्या सरावाच्या जुन्या मैदानावर केलेला. इथं स्टिअरिंग माझ्या हातात आलं, ते डाव्या बाजूला. शिकवणारा शेजारी. पायऱ्या, एका कुशीवर कलंडलेला रस्ता, पाण्यातून जाणं, आणि समोर फक्त आभाळ दिसावं असा चढ. चढ मला नवीन नाही. नवीन होता उतार. शिकवणारा म्हणाला, ब्रेकवरून पाय काढा. ज्यानं जन्मभर घाटात पहिला गिअर आणि ब्रेक यांच्या भरवशावर माणसं उतरवली, त्याचा पाय असा निघत नाही. शेवटी काढला, आणि गाडी स्वतःच ठरलेल्या संथ वेगानं, एकेक चाक आवळत खाली गेली. त्या एका उतारासाठी तिकिटाचे पैसे वसूल.

एक मात्र सांगतो. हा ट्रॅक अवघड आहे, पण प्रामाणिक आहे. अडथळा जिथं दिसतो तिथंच असतो. जुलैत आमच्या पांदण रस्त्यावर काळी माती चाकाला चिकटून मडगार्डमध्ये गच्च बसते, चाक फिरतं आणि गाडी हलत नाही. त्यांनी तेवढा एक पट्टा इथं करावा, असं मी शिकवणाऱ्याला सुचवलं. पुतण्यानं भाषांतर करताना काय सांगितलं कोण जाणे, तो खूप हसला.

ट्रॅकच्या आजूबाजूला १३२ हेक्टरचं कुरण आहे. त्यात एक्समूर जातीची लहान घोडी आणि मोठ्या शिंगांची हेक जातीची गुरं मोकळी चरतात. नामशेष झालेल्या रानबैलासारखी जनावरं पुन्हा मिळावीत म्हणून हेक नावाच्या दोन भावांनी गेल्या शतकात ही जात तयार केली. कुरणात झाडोरा माजू नये म्हणून ती ठेवली आहेत, दुधाला नाही आणि ओढकामालाही नाही. मी कुंपणापाशी बराच वेळ उभा होतो. शिंगं झकास, पण चालीत आमच्याकडच्या गवळाऊ जातीच्या गुरांचा तोरा नाही.

याच कुरणात मधमाश्याही पाळल्या आहेत आणि तो मध ग्राहक केंद्रात विकायला असतो. टोपी आणि चावीच्या साखळ्या फार महाग वाटल्या, मी मध घेतला. विमानात हातातल्या बॅगेत तो चालत नाही, मोठ्या सामानात कपड्यांत गुंडाळून टाकावा लागतो.